कूस

ओहोटी संपवून दोसिंदा थेट खाडीवरूनच आली.
रबरी बूट दाराशी काढले, तरी फरशीवर
राखाडी चिखलाचे दोन अर्धचंद्र उमटलेच.
चिठ्ठीत लिहिलंय: उजवा खुबा, बाहेरून, आठ महिने.
खाली घाईघाईत: पिशवी सुजली असावी.

"इथं," ती म्हणते.
सांधा दुखणारे जांघेकडे बोट दाखवतात.
ही तळवा ठेवते, बाहेर, हाडाच्या उंचवट्यावर,
गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा.
निम्मं निदान इथंच झालं,
यंत्र अजून सुरूही केलेलं नाही.

डाव्या कुशीवर निजवते तिला, गुडघ्यांत उशी.
जेल मी कोमट करून ठेवते, तरी ती दचकते.
"अरोसाचं पाणी याहून गार असतं,"
स्वतःलाच समजावते.

पडद्यावर कातडी, चरबीचे थर,
मग हाडाची पांढरी रेघ, छपरासारखी उतरती.
पुढच्या उतारावर धाकटी कंडरा,
बाजूच्या उतारावर मधली.
थकते ती बहुधा मधलीच.

आधी पिशवी शोधते, कारण आळ तिच्यावर असतो.
सुई तिला, गोळ्या तिच्या नावानं;
चोर सोडून संन्याशाला फाशी.
इथं तर ती घडी घातलेल्या कागदासारखी
चपटी, कोरडी.

मग मधली कंडरा. काळी दिसते.
थांबते. मनगट किंचित कलवते,
आणि ती उजळते, धागा न् धागा.
पहिल्या वर्षी किती जणींना मी
नसलेली इजा लिहून दिली असेल, कोण जाणे.
तिरकं पाहिलं की चांगला दोरही काळाच दिसतो.
पुन्हा कलवते. पुन्हा.
एक जागा कुठल्याच कोनातून उजळत नाही.

"तो खळगा," दोसिंदा म्हणते.
मान वळवून ती कधीपासून पडदा पाहत होती.
माझ्या कर्सरआधी तिचं बोट पोचलेलं,
नखात अजून वाळू.
कसं कळलं?
"वाळू सगळीकडे सारखीच असते, बाई.
खाली तिसरी श्वास घेते
तिथं दोन बारीक भोकं उरतात.
चाळीस वर्षं मी दुसरं काय बघतेय?"

मोजते. सहा मिलिमीटर, अर्धवट फाटलेली.
प्रोबनं हलकं दाबते; तिचे ओठ मिटतात.
तेही लिहून ठेवते.
साठीतल्या कितीतरी न दुखणाऱ्या खुब्यांत
असे खळगे निघतात;
चित्राला एकट्याला साक्षीदार मानत नाही मी.

"म्हणजे खाडी बंद?" तिचा आवाज एकदम बारीक.
नाही. विश्रांतीनं ती आणखी गळेल.
भार हवा, पण बेताचा, रोज थोडा चढता.
ब्राइश व्यायाम शिकवेल.
फक्त दाताळ्यावर रेलून, एका खुब्यावर लोंबकळत
गप्पा मारत उभं राहू नका.
"मग गप्पा मारायच्या कशा?"

रात्री?
"उजव्या कुशीवर निजवत नाही."
डाव्या कुशीवर निजा की.
ती छताकडे पाहत राहते.
"डावीकडे भिंत आहे. उजवीकडे अमारो.
झटका आल्यापासून झोपेत त्याचा श्वास अडतो.
तोंड त्याच्याकडे असलं म्हणजे मला कळतं."

मी जेल पुसते. टिश्यू कमी पडतो, दुसरा घेते.
यावर पुस्तकात काही नाही.
मग पलंगावरच्या जागा बदला, मी म्हणते.
"चौतीस वर्षांनी?" ती हसायला लागते,
हसताना खुबा दुखतो, तरी हसते,
"भिंतीकडे निजवला तर सकाळी
बाहेर कुठून पडायचं ते सापडायचं नाही त्याला."

बूट घालताना उजव्या पायावर उभी राहते क्षणभर.
कंबर एका बाजूला कलते,
हात भिंत शोधतो.

अहवालात मी लिहिते:
मधली कंडरा जाड, अर्धवट फाटलेली. पिशवी निर्दोष.
"निर्दोष" खोडून "सामान्य" करते.
शिफारस: व्यायाम. इंजेक्शन तूर्त नको.
पलंगावरची जागा बदलणे.
शेवटची ओळ वाचून डॉक्टर फोन करतील.
करू देत.